काशी आता इथवरच

आमची ही गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. मुलगी म्हणते, बाबा, नुसतं बसून डोकं खराब कराल, त्यापेक्षा आईबद्दल काही लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण लिहायचंच तर तिच्या माहेराबद्दल लिहावं लागेल. कारण जन्मभर ती एकाच गोष्टीला भ्यायली, की माहेरचं वेड आपल्यात उतरेल. बाकी ती कशाला भीत नव्हती. मला तर नाहीच.

तिचं माहेर दुर्गाघाटावर. मी राहायला गंगेच्या दुसऱ्या तीरावर, मुगलसरायला. स्टेशनाचं नाव आता बदललंय, मी जुनंच म्हणणार. वडील अहिल्याबाई घाटाजवळच्या एका अन्नछत्रात आचारी होते. मला जन्मभर भात उपसायचा नव्हता, म्हणून रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी झालो आणि नदी ओलांडून क्वार्टरात राहायला गेलो. घाटावरच्या मराठी लोकांना हे पटलं नाही. काशीत मेला तो सुटला आणि पलीकडच्या तीरावर मेला तो गाढवाच्या जन्माला गेला, असं तिथं मानतात. हिचा थोरला भाऊ, त्यांना मीही दादाच म्हणायचो, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले, "जावयांना वाढा हो अजून. पुढच्या जन्मी नुसता चाराच आहे."

पंगत हसली. मीही हसलो. दादा तेव्हा तसे होते. थट्टेखोर, अंगानं ताठ, आणि आवाज असा की घाटावर मंत्र म्हणायला लागले तर मल्लाह वल्हं थांबवून ऐकत. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, दादा त्यांची श्राद्धं, पूजा करायचे, आणि घर भरलेलं असायचं.

माझ्या सासऱ्यांनी म्हातारपणी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काय, तर मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही असा नेम. काशीत हे नवीन नाही. पुष्कळ म्हातारे घेतात. सासूबाईंनी घेतला नव्हता. दादांनी त्यांना आग्रह करून नाशकाला एका मुंजीला नेलं, आणि त्या तिकडेच गेल्या. जन्मभर काशीत राहिलेली बाई मरणापुरती काशीबाहेर पडली. सासरे दादांना एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं ही म्हणायची. ते गेल्यावर बाराव्याच्या दिवशी दादा हातात पाणी घेऊन म्हणाले, वडिलांचा नेम आता माझा. चांगल्या कर्त्या वयात.

लोकांनी वाहवा केली. शेजारच्या बायका सुनांना घेऊन पाया पडायला आल्या. इथंच सगळे चुकले. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस असा वागला असता तर चार जणांनी धरून वैद्याकडे नेला असता. काशीत त्याला हार घातले.

पहिल्यांदा ते रेल्वेच्या पुलाकडे जायचे बंद झाले. ठीक, नेमच तो. मग अस्सी घाटाला जाईनात. म्हणाले, सीमेच्या फार जवळ आहे, चुकून पाऊल पडायचं. मग मोठा रस्ता सोडला. मग यात्रेकरूंना आणायला बालाजी घाटापर्यंत जायचे तेही सोडलं, आणि यात्रेकरू दुसरीकडे जाऊ लागले. दर वेळी कारण तेच. मग एक दिवस आम्ही दोघं गेलो तर घराच्या पायरीवर गेरूची रेघ. भिंतीला लावतो तो तांबडा गेरू, लोट्यात कालवून बोटानं ओढलेली. मी वहिनींना विचारलं, हे काय. वहिनी म्हणजे दादांची बायको, मूलबाळ नव्हतं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघून श्वास घेणारी. म्हणाल्या, "सीमा आहे. ओलांडून या तुम्ही. तुम्हाला चालतं."

हिनं परतताना नावेत मला सांगितलं, "वहिनी म्हणतात दादा मोठा झालाय. मला तर तो लहान लहान होताना दिसतोय."

तिला दिवस गेले तेव्हा मी म्हटलं, इथंच करू बाळंतपण. पण माझी आई नव्हती, क्वार्टरात दुसरी बाई नव्हती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज. वहिनींनी येऊन ओटी भरली आणि घेऊन गेल्या. मी सुटीच्या दिवशी जायचो. एकदा गेलो तर पायरीवरची रेघ पुसलेली, आणि नवी रेघ दाराच्या आत. पुढच्या खेपेला दाराला आतून कुलूप. किल्ली दादांच्या जानव्याला. तशी किल्ली पुष्कळ जण बांधतात, त्यात काही नाही. पण मी निघालो तेव्हा दादांनी मला थांबवून घेतलं, माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं, मग कुलूप काढलं. ही वरून जिन्यातून बघत होती. मला तेव्हाच तिला ओढून न्यायला हवं होतं असं लोक नंतर म्हणाले. लोकांना नंतर सगळं कळतं.

तिचे दिवस भरत आले तशी एक रजा घेऊन मी दुपारचा गेलो. गलीत माणसं जमलेली. दाराच्या पायरीवर दाई बसलेली, तिथलीच, जाडजूड, तोंडात पान. मला बघून म्हणाली, "आवा पाहुन. तोहार सार बौराय गयल हौ." म्हणजे मेहुण्याला वेड लागलंय. ती सकाळपासून तिथं बसून होती. दादा दाराआडून तिला सांगत होते, आत ये, पण आलीस की बाहेर जाणं नाही. वरून हिचं कण्हणं ऐकू येत होतं.

मी दार वाजवलं. दादांचा आवाज आला, अगदी शांत. "जावई का? या ना. यायला हरकत नाही. जायला आहे."

दाईनं पान थुंकलं आणि म्हणाली, "चलो. हम भी चलते हैं. देखी जाई." आम्ही आत शिरलो आणि मागे कुलूप लागलं.

दाई वर गेली. थोड्या वेळानं खाली येऊन मला बाजूला घेतलं. मूल पायाळू होतं, पाय खाली. "हमरे बस का नाहीं. अस्पताल ले जा, नहीं तो दोनों जइहें."

मी दादांपुढे उभा राहिलो. ते अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते. घरातच विहीर आहे तिथं. जानव्याची किल्ली सोडून मुठीत धरलेली, आणि मूठ विहिरीवर.

"दादा, तिला जनाना अस्पतालात न्यायचंय. दार उघडा."

"अस्पताल कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? काशीतच आहे. मैदागिन चौकातून रिक्षा केली की पोचलो. तुमच्या नेमाला काही होत नाही."

त्यांनी मान हलवली. मुलाला समजावतात तशी. "तुम्हाला माहीत नाही. काशी आता इथवरच आहे." आणि दाराच्या आतली रेघ दाखवली. "बाहेरची गेली. आई तिकडे गेली, तेव्हापासून कमी होतेय. आता एवढीच उरलीय. हिला आणि बाळाला मी बाहेर मरू देणार नाही."

"आत मरतील दोघं."

"आत मेली तर सुटतील," दादा म्हणाले.

मी खलाशी माणूस. इंजिनाच्या चाकाशी झोंबणारे हात होते माझे. पण हात उचलला असता तर किल्ली विहिरीत गेली असती, आणि ते दार जुनं, लोखंडी पट्ट्यांचं. गलीतून कुऱ्हाडीनं फोडायचं तर किती वेळ लागला असता कोण जाणे. वहिनी खांबाला धरून उभ्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी सांगा. त्या म्हणाल्या, "ते सांगतात ते खोटं कसं असेल?" आणि त्यांना ते खरंच वाटत होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. दोन वेडे होते त्या घरात. एकाचंच वेड बाहेर दिसत होतं.

वरून हिनं हाक मारली. मी गेलो. घामानं चिंब झालेली, ओठ चावून फाटलेला.

"भांडू नका त्याच्याशी," ती म्हणाली. "गेरू घ्या."

मला वाटलं, हिचंही गेलं.

"ऐका. त्यानं काशी लहान केली ना, मग मोठीही करेल. रेघ पुढे नेऊ दे त्याला. माझी खाट रेघेच्या आतून न्या."

मग ती तिथूनच ओरडली, "दादा, मला आई दिसतेय. म्हणतेय, दादाला सांग, माझ्यापर्यंत रेघ आण."

ते खोटं होतं. तिनं मला नंतर सांगितलं, खोटं होतं. पण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

 मग खालून लोट्यात गेरू कालवल्याचा आवाज आला. वहिनी कालवत होत्या. दादांनी स्वतः कुलूप काढलं, आतली रेघ ओल्या पंच्यानं पुसली, आणि वाकून दोन्ही बाजूंनी दोन नव्या रेघा ओढायला लागले. पायरीवरून, गलीत. मी लोटा घेऊन त्यांच्याबरोबर. मागे खाट, गलीतल्या चार मल्लाहांनी उचललेली, बाजूला दाई.

घाईचं काम आणि दादांची रेघ सरळ हवी. कुठे तुटली की मागे जाऊन जोडायचे. दाई ओरडायची, "जल्दी कर रे पंडित, तोर रेखा में बच्चा निकल आई." मल्लाहांचे खांदे भरून आले. गलीत एक गाय आडवी बसलेली, ती उठेना. दादांनी तिला हाकललं नाही, तिला वळसा घालून रेघ नेली. खाट गायीवरून न्यावी लागली. आणि गलीतले लोक काय करत होते? हात जोडत होते. "महाराज कुछ अनुष्ठान कर रहे हैं." वाटेतल्या एका दुकानदारानं उठून खाटेवर झेंडूची फुलं टाकली. मी त्याच्याकडे पाहिलं. ती जिवंत होती अजून.

आम्ही गलीच्या तोंडाशी पोचलो. पुढे रस्ता, रिक्षा उभी. दादा थांबले. रिक्षावाल्याला म्हणाले, पाय उचल, आणि पायटाकणीवर गेरू लावला. मग चाकाकडे पाहिलं. सरळ उभे राहिले.

"ही चालणार," ते म्हणाले. "ही पुढे गेली की रेघ मागे राहणार."

त्यांनी खाटेचा पाय धरला. बोटं अशी रुतवली की दोन मल्लाहांना सुटेनात. आता मी मारणार होतो त्यांना. हात उचललाही होता. तेवढ्यात हिनं पदरातून हात बाहेर काढला आणि भावापुढे धरला.

"दादा, माझ्या हाताभोवती काढ. म्हणजे मी जाईन तिथं आतच."

दादांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग लोट्यात बोट बुडवून तिच्या मनगटाभोवती रेघ ओढली. अगदी सावकाश. बांगड्या वर सारून, पूर्ण वळसा, टोकाला टोक जुळवून. मग खाट सोडली. म्हणाले, "जा. आता तू आत आहेस. कायमची."

मुलगी झाली, पायाकडून. दोघी वाचल्या. अस्पतालातल्या नर्सनं विचारलं, हाताला काय लागलंय, रक्त आहे का. हिनं हात पांघरुणाखाली घेतला.

त्या रात्रीतच की पहाटे कोण जाणे, गली झाडायला आलेल्यांनी पाणी मारलं आणि दोन्ही रेघा वाहून गेल्या. सकाळी दादा दारात आले. बाहेर काही नाही, आणि आतली रेघ आदल्या दिवशी त्यांनीच पुसलेली. त्यांच्या हिशेबानं काशी बुडाली. ते दारातच मटकन बसले आणि हलेनात. वहिनींनी मग त्यांच्या भोवती गेरूचा गोल काढला आणि गोल पुढे सरकवत सरकवत त्यांना खाटेपर्यंत नेलं. त्या गोलातून ते परत बाहेर आले नाहीत. तिथंच जेवण, तिथंच सगळं. घाटावरचे लोक तरी दर्शनाला येत होते. ते गेले तेव्हा त्यांचं अंग लहान मुलाएवढं राहिलं होतं, आणि लोक म्हणाले, महापुरुष गेला.

ही भावाला पाहायला जायची तेव्हा गोलाबाहेर उभी राहायची. दादा गेल्यावर काही महिन्यांनी आम्ही वहिनींकडे गेलो. त्या रिकाम्या खाटेवर बसलेल्या, भोवती ताजा गेरू. हिला म्हणाल्या, "अशी बाहेर काय उभी राहतेस? ये ना आत. तू तर आतलीच आहेस." आणि हात पुढे केला. हिचा एक पाय उचलला गेला. मी तिचा खांदा धरला. बराच वेळ ती तशी एका पायावर उभी होती. मग पाय मागे ठेवला आणि आम्ही निघालो.

परतताना रेल्वेनं आलो. गाडी पुलावर आली तेव्हा ती खिडकीतून घाटांकडे बघत मनगट चोळत होती. गेरू कधीच निघून गेला होता, पण सवय राहिली होती.

"अहो, एक ऐका," ती म्हणाली. "मी मरायला टेकले ना, तर मला तिकडे नेऊ नका. मुगलसरायलाच ठेवा. कोणी काहीही म्हणो."

"गाढव होशील."

"होऊ दे. गाढव बाहेर चरतं तरी."

मी हो म्हटलं. तिनं परत म्हणवून घेतलं.

तिनं संसार चांगला केला. शेजारणींशी भांडली, पापड विकले, मुलीला शिकवलं. पण कधी दार लावताना हात थांबला, कधी पायरीवर उगाच उभी राहिली, की लगेच मला विचारायची, "माझं काही होतंय का?" मी म्हणायचो, काही नाही, चहा कर.

ते घर आता विकलं गेलं. तिथं परदेशी लोकांसाठी लॉज आहे. विहिरीवर जाळी बसवलीय आणि कुंड्या ठेवल्यात.

दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. मीठ दोनदा, मग नावं, मग मुलीचं तोंड. डॉक्टर म्हणाला, वयाचं आहे, पुष्कळांना होतं. एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभी. पुढे येईना, मागे जाईना.

"अहो, रेघ कुठंय?"

 तिला तेवढ्यापुरती शुद्ध आली असावी, कारण माझं तोंड बघून म्हणाली, "उतरलं ना शेवटी?"

"नाही," मी म्हटलं. "तुझी फक्त वाट चुकलीय."

बाजारातून गेरू आणला. गुडघे वाकत नाहीत माझे, म्हणून पाटावर बसून सरकत सरकत रेघ ओढली. खाटेपासून संडासापर्यंत. तिनं पाहिलं आणि चालायला लागली. दुसऱ्या दिवशी अंगणापर्यंत नेली. मग फाटकापर्यंत. मग फाटकाबाहेर पेरूच्या झाडापर्यंत. शेजारचे हसले, म्हातारा पण गेला म्हणाले. जाऊ दे. दादांची रेघ रोज आत यायची, मी माझी रोज बाहेर नेली. ती झाडाखाली जाऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या द्यायची, तेवढं आठवत होतं.

शेवटी ती खाटेला लागली. मुलगी काशीत दिलेली. ती आणि जावई गाडी घेऊन आले. पोरगी रडत होती. "बाबा, जिद मत करो ना. आईला काशीला नेऊ. आखिरी टाइम आहे. लोक दुरून दुरून येतात, आणि आपण नदीच्या पलीकडे ठेवून तिला..."

"नाही."

"तुम्हाला तिच्या मोक्षाचं काहीच नाही?"

"तिनं सांगितलंय."

"कधी? तिला स्वतःचं नाव तरी आठवतं का?"

मी दारात खुर्ची टाकून बसलो. जावई भला माणूस, पण तोही चिडला. गाडी दिवसभर फाटकाशी उभी. माझ्या मनात आलं नाही असं नाही. दारात बसून, कुणाला बाहेर नेऊ द्यायचं नाही म्हणून अडवणारा माणूस मी आधी पाहिला होता. मी खाटेकडे बघत राहिलो. तिनंच सांगावं असं वाटत होतं.

दुपारी तिनं डोळे उघडले. डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होती.

"निघालं का हो?"

मी जवळ गेलो. हात बघितला. नुसती कातडी आणि शिरा.

"निघालं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

मुलगी माझ्या मागे उभी होती. तिनं हे ऐकलं. तिला काही माहीत नव्हतं, आम्ही कधी सांगितलं नव्हतं. पण तिनं बाहेर जाऊन नवऱ्याला गाडी आत लावायला सांगितलं. ऊन उतरायच्या आत ही गेली.

घाटावरचे नातेवाईक तेराव्याला आले आणि तोंडावर म्हणाले, बायकोला गाढवाच्या जन्माला घातलंत. मी म्हटलं, मीही येतोच आहे मागून, एकटी ओझी वाहणार नाही ती.

मुलगी परवा आली होती. फरशी पुसताना विचारत होती, बाबा, ही रेघ काढून टाकू का आता. मी म्हटलं, राहू दे. मलाही डोळ्यांनी नीट दिसत नाही हल्ली. अंगणात जायला बरी पडते.